ब्रिगेडियर होवाळांनी फोडलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. सात लिव्हरचं, पितळी, हाताला जड. आता माझी कडी वाकलीय, पोटातला खटका निखळलाय. राग मात्र शाबूत आहे, म्हणून बोलतोय.

सांगलीच्या गणपती पेठेत, लोखंडी सामानाच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. माझी भावंडं एकेक करून हळदीच्या वखारींना गेली. चोराला अडवायचं, एवढंच आपलं काम, असं मी समजत होतो. शहाण्णव सालच्या दिवाळीआधी नाथाजीराव दुकानात आले. विश्रामबागेतल्या एका शिक्षणसंस्थेचे ते अध्यक्ष.

"दांडगं दावा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरच्या खोलीला लावायचंय."

मी हरखून गेलो. हळदीपेक्षा मोठी राखण मिळाली म्हणून.

खोलीचं उद्घाटन थाटात झालं. बारा नवे कॉम्प्युटर, प्रत्येकाला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट. दाराशेजारी पितळी पाटी : 'संचालक – ब्रिगेडियर ज्योतिबा होवाळ (निवृत्त)'. ते नाव वाचून तासगाव-पलूसकडच्या आईबापांनी आपल्या पोरी इथं घातल्या. पेढे वाटले, फोटो निघाले. संध्याकाळी नाथाजीरावांनी मला स्वतः कडीत अडकवलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"दुसरी किल्ली माझ्याकडे द्या," ब्रिगेडियर म्हणाले.

"कशाला? सांडती कुठंतरी."

त्यानंतर मी उघडलो तो फक्त पाहुण्यांसाठी. कुणी आमदार, कुणी देणगीदार यायचा. चपला बाहेर काढून सगळे आत जायचे, देवळात गेल्यासारखे बघायचे आणि बाहेर यायचे. पोरी व्हरांड्यात उभ्या. दारावर कागद चिकटवला होता : 'यंत्रांना हात लावू नये'. आत गेल्यावर हात लावू नये, हे समजलं असतं. पण आत जायलाच मिळत नव्हतं, तर हात लावणार कुठून?

ब्रिगेडियरांनी मग व्हरांड्यातच तास सुरू केला. बाकांवर त्यांनी खडूनं कीबोर्ड काढला, एकेका बटणाची चौकट आखून, त्यात अक्षर लिहून. पोरी त्या खडूच्या चौकटींवर बोटं आपटायच्या. तास संपला की बोटं पांढरी आणि अक्षरं पुसलेली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सगळं काढायचे. मी त्यांच्या पाठीमागं लटकून बघायचो आणि माझं पितळ तापायचं.

शिकवता शिकवता ते आपली हकीकत सांगत. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वस्तीत त्यांचा जन्म. वडील साधे शिपाई होते पलटणीत. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा असताना घरानं बौद्ध धर्म स्वीकारला. साताऱ्याच्या वसतिगृहात राहून तो शिकला, इंजिनियर झाला आणि सैन्याच्या सिग्नल्स विभागात अधिकारी म्हणून दाखल झाला. आधी तारा आणि वायरलेस. कॉम्प्युटर आले तेव्हा बरेच जण त्यांना बिचकून होते. होवाळांनी ते मागून घेतले.

राजस्थानच्या वाळूत एका ट्रकमध्ये कॉम्प्युटर बसवला होता. वरिष्ठांनी बजावलं, "होवाळ, जवानांना जवळ फिरकू देऊ नका. बिघडवतील."

तेव्हाचे मेजर होवाळ म्हणाले, "बिघडू दे, सर. यंत्र दुरुस्त करता येतं. घाबरलेला माणूस दुरुस्त करायला लय वेळ लागतो."

आणि त्यांनी जवानांना रांगेनं त्या ट्रकमध्ये बसवलं. पुढं कर्नल झाले, ब्रिगेडियर झाले, एका मोठ्या मुख्यालयाचं संगणकाचं सगळं काम त्यांच्या हाताखाली आलं. निवृत्तीनंतर बंगळूरच्या कंपन्या बोलावत होत्या. ते पत्नीच्या, विजयमालाबाईंच्या, माहेरी सांगलीला आले, ते आपल्या भागातल्या पोरींना हे शिकवायचं म्हणून. आणि इथं त्यांच्या वाट्याला खडू आला!

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली. नाथाजीराव एका पाहुण्याला निरोप देऊन मला लावत होते, तेव्हा ब्रिगेडियरांनी त्यांना दारातच गाठलं.

"किल्ली द्या. पोरींनी अजून एक बटण दाबलेलं नाही."

"आवं ब्रिगेडियर, पोरींच्या हातात दिलं की वाटोळं. पुस्तकावरनं शिकवा की."

"पुस्तकावरनं कृष्णेत पोहायला शिकवता का?"

"चिडू नका. तुमचं नाव पितळी पाटीवर घातलंय. तुमच्या समाजातल्या माणसाला एवढा मान सांगलीत कुणी दिला, सांगा बघू."

अक्षता आणि अबोली, पुढच्या बाकावरच्या पोरी, खाली बघायला लागल्या. ब्रिगेडियरांचा आवाज उलट खाली आला, आणि इतक्या वर्षांची लष्करी मराठी गळून पाटणची बोली वर आली.

"मान तुमी दिला? मान मी कमावलाय. तुमी फकस्त पाटी केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरल्यावर ब्रिगेडियर आले ते थेट घंटेपाशी. संस्थेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, आणि ती वाजवायला लोखंडी दांडा. तो त्यांनी उचलला. बिराप्पा शिपाई धावत आला.

"आवं सायेब, माझी नोकरी जाईल!"

"तू चहाला जा. तू काहीच बघितलं नाहीस."

बिराप्पा गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

पहिल्या घावाला मी टिकलो. माझा पिंडच टिकण्याचा. दुसऱ्या घावाचा टोल असा घुमला की तास संपला समजून वर्ग भराभर बाहेर आले. तिसऱ्याला मी स्वतःच सोडून दिलं, असं म्हणा.

दार उघडलं आणि उंदरांचा भपकारा आला. हार सुकून काळे पडलेले. प्लॅस्टिकच्या खोळींखाली लेंड्या, वायरी कुरतडलेल्या. बारापैकी चार कॉम्प्युटर चालू झाले. पोरींनी हात लावायच्या आधीच यंत्रांचं वाटोळं झालं होतं, आणि ते माझ्या राखणीत! शरमेनं मी फरशीवर पडून राहिलो.

"बसा," ब्रिगेडियर पोरींना म्हणाले. "दाबा कुठलंही बटण."

जेमतेम एक तास त्यांना मिळाला. मग पोलीस आले. नाथाजीरावांनी घरफोडीची फिर्याद दिली होती. फौजदार अवघडून म्हणाला, "सर, तुम्ही घरी जा. मी मिटवतो."

"मिटवायचं नाही. लिहा, कुलूप मी तोडलं."

मला फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आणलं. त्याच संध्याकाळी त्या दाराला दुसरं कुलूप लागलं, पाटीही उतरली. परीक्षेत निम्म्याहून अधिक पोरी नापास झाल्या. जबाब द्यायला आलेली अबोली फौजदारासमोर रडत म्हणाली, "मला सगळं येत होतं. पण बटण दाबलं की पडद्यावर खरंच काहीतरी उमटतं, त्याचीच भीती वाटली."

दोन वर्षं झाली. माफी लिहून दिली तर फिर्याद मागं घेऊ, असा निरोप तीनदा आला. तीनदा परत गेला. मागच्या तारखेला मला कोर्टात नेऊन टेबलावर ठेवलं. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

ब्रिगेडियर ताठ उभे होते. "कुलूप तोडलं, हे कबूल. गुन्हा केला, हे नाकबूल."

नाथाजीराव पहिल्या रांगेत बसून मिशीत हसत होते. पुढची तारीख पडली.

इथल्या, ठाण्यातल्या, हवालदाराची मुलगी, पायल, सध्या ब्रिगेडियरांच्या घरी शिकायला जाते. बाहेरच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर आहेत, पोरींची रांग दारापर्यंत येते, आणि विजयमालाबाई ओरडत असतात, "अगं, एकीनं तरी घरून जेवून यावं!" हवालदार जोडीदाराला हे सांगतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो.

निकाल लागायचा तसा लागेल. माझं मागणं एवढंच. खटला संपल्यावर मला लिलावात काढाल, कुणी कारागीर माझी कडी सरळ करेल, नवी किल्ली घडवेल. ते करू नका. हळदीला दुसरी कुलपं पुष्कळ आहेत. मी तुटलेलाच बरा आहे.