बदलाचे आठ पत्ते

मी निवृत्ती, जानेफळचा. सोंगट्यांच्या खेळात अख्ख्या गावात माह्याइतका हरणारा माणूस नाई. हे मी फुशारकीनं नाई सांगत, पण कशात तरी पयला नंबर आहे तं सांगून टाकतो.

औंदा मात्र हरणं परवडणारं नव्हतं. माहा एक बैल हिवाळ्यात मेला, राह्यला बुढा हऱ्या. शेजारच्या भाऊरावाजवळही एकच बैल. दोघांनी सावड केली, दोन घरची मिळून एक जोडी झाली. वखरणी झाली, पेरणी झाली, कोणाची कटकट नाई. पोळा आला अन् पंचाईत झाली. तोरणाखालून जोडी कोणी न्यायची? पयली पूजा, पयली पुरणपोळी कोणाच्या दारात? हऱ्या थकलता. पुढचा पोळा पाहील का नाई, देव जाणे. मले त्याचा कासरा माह्याच हातात पाह्यजे होता.

भाऊराव म्हणे, "सोंगट्या खेळू. जिंकंल त्याचा पोळा."

म्हणजे मेलोच! मंग डोस्कं चालवलं. आपला जिल्हाच पाहा ना. मध्यप्रदेशात होता, मंग मुंबई राज्यात गेला, आता दोन सालांपासून महाराष्ट्रात. जागचा हालला नाई अन् मालक बदलत गेले. मंग सोंगट्यांचे मालक काऊन बदलू नये? जुन्या लग्नपत्रिका कापून मी बारा पत्ते केले. पंचवीस पडले की पत्ता काढायचा, अन् त्यावर असंल ते करायचंच. चार पत्त्यांवर किरकोळ गोष्टी. आठांवर निळ्या शाईनं लिवलं: 'बदल. तुह्या सोंगट्या माह्या, माह्या तुह्या.' आठ काऊन? अरे, मी मागंच राह्यणार हे मले पक्कं ठाऊक. जितके बदल तितका फायदा. हिशोबात मी लय हुशार.

भाऊरावानं पत्ते उलटेपालटे करून पाह्यले. "चालंल," म्हणे. तेव्हाच समजाले पाह्यजे होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी पारावर डाव मांडला. अन् काय सांगू, जन्मात पडलं नाई असं दान पडत गेलं! माह्या तीन सोंगट्या घरात पोचल्या, चौथीले फक्त दोन पाह्यजे होते. भाऊरावाची एकही पोचली नव्हती. मी मिशीवर हात फिरवला अन् कवड्या फेकल्या.

पंचवीस!

पारावरचे सगळे वरडले, "काढ बे पत्ता!"

नियम माहाच. पत्ता काढला. अक्षरही माहंच. 'बदल.' पुढच्याच दानात भाऊरावाले दोन पडले, माही सोंगटी त्यानं घरात नेली अन् डाव संपला. आपल्या हातानं आपल्याच पायावर कुऱ्हाड मारावी तं माह्यावानी!

सांजच्याले हऱ्याचे खांदे हळद-तुपानं चोळले. बैलाले जेवणाचं आवतन द्यायची वेळ आली. "आज आवतन घे," म्हटलं, "उद्या भाऊरावाघरी जेवाले जाय." माही बायको पुष्पाबाई म्हणे, "पत्ता तुमी काढला. हऱ्यानं काढलता का?"

मी हऱ्यापुढं कडबा टाकला.

दुसऱ्या दिवशी भाऊरावानं कासरा धरला. तोरण तुटलं, जोडी निघाली. मी माह्या दारात खांबामागं लपून पाहून राह्यलो होतो. भाऊरावाचं घर डाव्या हाताले, माहं उजव्या. हऱ्या वळला उजवीकडं. भाऊरावानं कासरा वढला, हाट हाट केलं. पण बुढा आयकतो का! भाऊरावाले अन् त्याच्या बैलाले, दोघांलेही वढत तो माह्या दारात येऊन उभा राह्यला, दर सालासारखा.

भाऊराव घामानं निथळत होता. "निवृत्ती," म्हणे, "तुहा पत्ता ह्याले वाचता नाई येत बे!" अन् कासरा माह्या हातात देला.

पुष्पाबाई ताट घेऊन आली. मी हऱ्याच्या गळ्यात पडून रडलो, भर गल्लीत, चाळीस वर्षांचा बाप्या माणूस. तेवढ्यात हऱ्यानं आपली पोळी खाल्ली, अन् भाऊरावाच्या बैलाचीही.