तिघांपुरती ताडपत्री

मेहमुदाने ताडपत्रीची मधली शिवण शिडाच्या आडव्या दांडीवर नीट बसवली आणि दोन्ही बाजूंचे पदर खाली सोडले. उसाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवून तिचे हात रापले होते, पण शिडाच्या बोटीला तंबू शिवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तीही कसबा बावड्यात, अंगणात विटांवर उभ्या केलेल्या बोटीला.

"हसू नका, भाभी," संघर्ष म्हणाला. "मागल्या पुरात पत्र्यावर बसून रात्री काढल्यात आम्ही. आता घर बुडालं तरी बोट वर येतीया."

नेव्हीतून निवृत्त झालेल्या संघर्षने ही जुनी बोट ट्रकवर घालून आणली, तेव्हा सगळ्या गल्लीने त्याला वेड्यात काढले होते. राधानगरी धरणाची दारे उघडल्याची बातमी आली, की मात्र त्याच गल्लीची तोंडे बंद होत. आता पावसाळा तोंडावर आला होता.

"आत बसून दावा बघू. उंची कळंल," मेहमुदा म्हणाली.

संघर्ष, त्याची बायको प्रीती आणि लेक शिवानी शिडी चढून बोटीतल्या बसायच्या खळग्यात शिरले. गुडघ्याला गुडघे लागले. मेहमुदाने पदर ओढून दोरी आवळली, तसे तिघेही दिसेनासे झाले. चौथ्याला जागा नव्हती.

तिची नजर उंबऱ्याशी खुर्चीवर बसलेल्या शेवंताबाईकडे, संघर्षच्या आईकडे गेली.

"आणि आक्का?" तिने कापडापाशी तोंड नेऊन विचारले.



"आईला पाणी चढायच्या आधीच थोरल्या बहिणीकडं, मोनाताईकडं सोडणार," आतून संघर्षचा आवाज आला. "राधानगरीला. बोलणं झालंय."

पाणी बावड्यात शिरायच्या आधी राधानगरीचा रस्ता बंद होतो, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. संघर्षला ठाऊक नव्हते असे थोडेच.

"जाईन की," शेवंताबाई मोठ्याने म्हणाली, आतल्यांना ऐकू जाईल अशी. मग तिने मेहमुदाला हाताने जवळ बोलावले आणि जमिनीवर पडलेली उरलेली पट्टी काठीने पुढे सरकवली.

"ह्याचा एक पट्टा शिवून दे मला. बक्कल लावून."

"कशाला, आक्का?"

"सोप्यातल्या खांबाला बांधून घ्याय." आवाज आता अगदी खाली आला होता. "मागल्या खेपंला वाहून गेलेल्या धोंडुबाईची पोरं तिला हुडकत किती दिस नदीकाठानं फिरत हुती. पाणी वसरल्यावर माज्या पोराला हुडकाय लागाय नगं."

मेहमुदाला म्हातारीचा राग आला, संघर्षचा आला, स्वतः शिवलेल्या तंबूचाही आला. तरी गळ्यातला टेप तिने काढला.

तंबूत शिवानी कशाला तरी हसली. पाठोपाठ प्रीतीही हसली.

शेवंताबाईने बसल्या जागी दोन्ही हात वर केले.

"लुगड्यावरनंच घे माप," ती म्हणाली. "सैल नगं."