पाठ केलेला तक्ता

छायाचा बाक दर चाचणीला मागे सरकत होता. मखमलाबादच्या बाजूच्या त्या शाळेत देवरे बाईंचा नियमच तसा. चाचणीचा निकाल लागला की नंबराप्रमाणे बसायचं. हुशार पोरं फळ्यासमोर आणि ढ गोळे मागच्या भिंतीला टेकून. पाचवीत दुसऱ्या बाकावर असलेली छाया सहावीच्या दिवाळीपर्यंत भिंतीला जाऊन टेकली. साल होतं सत्त्याण्णव. मग बाईंनी घरी निरोप धाडला, पोरगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

बाप भिमाजी याने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "थोरलीसारखीच हीपण. वार्षिक परीक्षा झाली की शाळा बंद. मळ्यात फुलं तोडायला माणूस लागतंच."

आई सिंधुबाईला काही हे पटेना. पोरीला पाढे तोंडपाठ, ऐकलेला धडा जसाच्या तसा सांगायची. शाळेआधी शेवंतीच्या वेण्या करायला बसली की आईच्या बरोबरीने बोटं चालायची. फक्त बसायची ती नाक फुलाला लागेल इतकी वाकून. ती तिची खोडच आहे असं सिंधुबाई धरून चालली होती आणि "नीट बस की गं" म्हणत तिने पाठीत दोन-चार धपाटेही घातले होते.

बाईंशी बोलायचंच, असं ठरवून एक दिवस फुलबाजारातून परतताना ती उरलेल्या फुलांची पाटी डोक्यावर घेऊन थेट शाळेत गेली. व्हरांड्यात सहावीची पोरं रांगेने बसून एका सुरात अक्षरं घोकत होती. समोर भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता टांगलेला आणि त्याच्याशेजारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सताई कागद लावत बसलेल्या.

"हे काय गं?" तिने छायाला विचारलं.

"डोळ्यांची तपासणी हाय. एका वर्षी पोरं वाचताना अडखळली, तर हेडसर लय चिडले. सहावीच्या पोरांना अक्षरं येत नाय म्हणजे शाळेचं नाव जातं. तवापासून बाई आधी पाठ करून घेतात."

"पण तुला ते दिसतं का?"

"दिसायला कशाला पाहिजे? पाठ हाय ना."

सिंधुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे तपासायला माणूस दारात आलेलं आणि ह्या शहाण्यांनी तपासणीची वाचनाची परीक्षा करून टाकली! तोवर छायाचा नंबर आला. एका डोळ्यावर हात ठेवून तिने वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. नर्सताईंची पट्टी तिच्या दोन ओळी मागेच होती. देवरे बाई कौतुकाने हसल्या.

"ताई, लिहू नका," सिंधुबाई ओरडली. पाटीतला गुलाबांचा हार तिने एका हातात घेतला, शेवंतीची वेणी दुसऱ्या हातात, आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. वेणी वर धरून तिने विचारलं, "छाये, ह्या हातात काय हाय?"

छायाने डोळे बारीक केले. मान पुढे काढली. "पांढरं कायतरी हाय."

फुलांच्या मळ्यात वाढलेली पोर, तिला शेवंती ओळखेना!

"अहो, तपासणीच्या वेळी मध्ये असं..." देवरे बाई पुढे आल्या.

"तपासणी पोरांची हाय का तुमची? जिला दिसत नाय तिला मागं बसवलं. मागं गेली म्हणून होतं तेवढंही दिसेना. आन वर मलाच सांगता, डोक्यात शिरत नाय?"

नर्सताईंनी भरलेले कागद फाडले. तक्त्यावरच्या मधल्याच कुठल्याही अक्षरावर पट्टी ठेवत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाच पोरं अडली. पाचही मागच्या भिंतीची. गलका ऐकून आलेले हेडसर खाली बघून म्हणाले, "चष्मे येईपर्यंत ह्यांना पुढे बसवू."

जिंकून आल्यासारखी सिंधुबाई घरी निघाली, पण घराच्या फाटकातच तिचे पाय थांबले. थोरली शुभांगी विंचूरहून माहेरपणाला आली होती. सातवीत ढ ठरून शाळेतून काढलेली, सतराव्या वर्षी उजवलेली. ओट्यावर बसून ती वेणी करत होती, नाक फुलाला लागेल इतकी वाकून.

सिंधुबाईने फाटकातूनच हार उंच धरला. "शुभे, काय हाय माझ्या हातात?"

"जवळ ये की. इतक्या लांबून कुठं दिसतंय?"

"शाळेत तुझे डोळे नव्हते तपासले?"

शुभांगी हसली. "तपासले की! बाईंनी सगळं पाठ करून घेतलं होतं. अजून येतं." आणि सहावीच्या पोरांच्या त्याच सुरात तिने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला. सात वर्षांच्या शाळेतलं तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. हिच्याही पाठीत सिंधुबाईने धपाटे घातले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना ती शुभांगीचा हात धरून वर्गाच्या दारात उभी राहिली. छाया पहिल्या बाकावर बसली होती. देवरे बाईंनी ते मोठ्या उत्साहाने दाखवलं.

"बघितलं," सिंधुबाई म्हणाली आणि तिने शुभांगीला पुढे केलं. "आता हिला कुठल्या बाकावर बसवता?"