अठरा पायांची चिप

तैपेईत पुलाखालच्या बाजारात थिएन-शोऊचं टेलिफोन दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे आलेल्या गिऱ्हाइकाची चिपच्या पायांचं पुराण ऐकल्याशिवाय सुटका नसे. फोनच्या पोटात नंबर लावणारी जी काळी चिप असते, तिला अठरा पाय. कुठला पाय काय करतो, हे तो नातेवाइकांच्या खोड्या सांगाव्यात तसं रंगून सांगायचा.

लाईबाई आल्या त्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला फोन छातीशी धरून. त्यांची मुलगी पी-युन बापाशी भांडून घर सोडून गेली होती. जाण्याआधी तिने कुणाला तरी फोन लावला होता. कुणाला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"शेवटचा लावलेला नंबर यात राहतो म्हणतात ना, मास्तर? बटण दाबलं की पुन्हा लागतो. पण नेमकं तेच बटण मेलंय. त्या दिवसापासून कुणाला हात लावू दिला नाही मी. नवऱ्यालासुद्धा! म्हटलं, पोरगी घालवलीत, आता नंबरही घालवाल."

"भिंतीतली वायर कधी काढलीत, काकू?"

"सकाळीच. दोन बस करून आले."

थिएन-शोऊने फोनचं खालचं झाकण काढलं. फोन नुसता ठेवलेला असला, तरी चिपचा एक पाय लाइनमधून थेंबथेंब वीज पीत असतो. नंबर जगतो तो त्या थेंबांवर. वायर काढली की घटकाभराचा खेळ. तरी त्याने बटणाखालचं झिजलेलं रबर बदललं, दुकानाची लाइन जोडली आणि बटण दाबलं. रिसीव्हर नुसताच गुणगुणत राहिला. त्याने पुन्हा दाबलं. लाईबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"गेला, काकू. वायर काढली तेव्हाच गेला."

"अहो, तळहाताच्या फोडासारखा जपला मी!"

त्यांचा चेहरा बघवेना. धीर द्यायला त्या भल्या माणसाकडे दुसरं होतं काय? त्याने पुराणच काढलं.

"तुमची काय चूक? हे कुणाला माहीत असतं? या एका पायाने दगा दिला. बाकीचे गुणी आहेत हो. हा बघा, रिसीव्हर उचलला की चिपला जागं करतो. नुसता उचलला, बोललात, ठेवलात, तर नंबरला धक्का नाही. आकडा दाबला तरच नंबर पुसला जातो."

"उचलल्याने जात नाही?"

"छे! आलेला फोन खुशाल घ्यावा."

लाईबाई स्टुलावर बसल्या.

"काल दुपारी वाजत होता," त्या म्हणाल्या. "थांबायचा, पुन्हा वाजायचा. हे उचलायला धावले, तर मी यांचा हात धरून ठेवला. म्हटलं, नंबर पुसला जाईल."

जिभेला हाड नसतं, हे थिएन-शोऊला त्या क्षणी पुरतं कळलं. पण आता शब्द परत घेता येत नव्हते.

"दुसऱ्या कुणाचा असेल, काकू."

"असेल." मग त्या एकदम उठल्या. "आणि आत्ता घरी फोनच नाहीये, मास्तर!"

त्यांनी स्वतःच्या हाताने वायर उपसली, उघडाच फोन स्वेटरमध्ये कोंबला आणि धावत सुटल्या. थिएन-शोऊ खालचं झाकण घेऊन थांब्यापर्यंत मागे पळाला, पण बस सुटली होती. घरी पोचायला त्यांना अजून एक बस बदलायची होती.