खिंडीपलीकडे न चालणारी हमी

विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवाल? विकणाऱ्याच्या जिभेवर, शिक्का मारलेल्या कागदावर, की रक्ताच्या नात्यावर? घाई नाही, विचार करून सांगा. तोवर माझ्या टायरला लाथ मारायची असेल तर मारून घ्या. बाजारात येणारा प्रत्येक जण मारतो. त्यातून कुणाला काही समजलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी एक करडी गाडी बोलतेय. वय चौदा वर्षं, सात माणसांची बैठक, डिझेलवर चालते. तुम्ही मला विकत घ्यायला आला आहात, तेव्हा माझी हकीकत माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

जन्म कोरियातला. पहिले मालक दातांचे डॉक्टर. दर रविवारी मला धुवायचे आणि आठवडाभर सावलीत उभी ठेवायचे. सहा वर्षं अशी ऐषात गेली. मग त्यांनी नवी गाडी घेतली. मी बोटीत बसले, मग रेल्वेत, मग एका लांब ट्रकच्या पाठीवर, आणि एका सकाळी किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या या गाड्यांच्या बाजारात उतरले. समोर बर्फाचे डोंगर, शेजारी मला विकायला ठेवणाऱ्या मुकाश व्यापाऱ्याचं चहाचं टेबल.

त्या टेबलाशेजारी मी आठ महिने उभी होते. माझी शाळा तीच. जो आधी किंमत विचारतो तो घेत नाही, जो तीनदा दार उघडझाप करतो तो घेतो. नवरा इंजिनात डोकं घालतो, बायको मागची जागा बघते, आणि सौदा ठरतो तो मागच्या जागेवर. हे मला कुणी शिकवलं नाही. उभ्या उभ्या शिकले.

मुकाशच्या पलीकडे एका लोखंडी खोक्यात एर्मेकचं दुकान. तिशीचा, गोड बोलणारा. तो जुन्या गाड्यांना वाढीव हमी विकायचा. वर्षभरात इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्ती कंपनीची, असा कागद. कागद खोटा होता असं मी म्हणणार नाही. माझ्या शेजारची पांढरी गाडी बेकसुलतान नावाच्या गणिताच्या मास्तरांनी घेतली. त्यांनी तो कागद घरी नेला, ओळीखाली पट्टी धरून दोन दिवस वाचला, मगच सही केली. घर ते शाळा, शाळा ते घर, एवढाच त्यांचा रस्ता. चौथ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला आणि कंपनीने मुकाट्याने बदलून दिला. मास्तर मिठाईचा डबा घेऊन आले होते.

पण पट्टी धरून वाचणारे मास्तर किती? एर्मेकची एक हातोटी होती. आपल्याकडे पोरगं बोलायला लागलं की आधी त्याच्याकडून सात पिढ्यांच्या बापांची नावं पाठ करून घेतात. एर्मेक गिऱ्हाइकाला चहा द्यायचा आणि विचारायचा, "तुमचे सात बाप कोण?" गिऱ्हाईक अभिमानाने नावं घ्यायचं. चौथ्या-पाचव्या नावाला हा मांडीवर थाप मारायचा, "म्हणजे आपण एकाच घरचे की." झालं. नातलगाने पुढे केलेला कागद त्याच्या देखत वाचायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच. तेवढं निर्लज्ज कोण होणार? लोक न वाचता सही करून जात.

मुकाश त्याला टोमणा मारायचा, "तुझ्या खापरपणज्याने बायका तरी किती केल्या होत्या रे? अर्धं शहर तुझं भाऊबंद निघतंय."

"मोठ्या मनाचे होते, मुकाश बाइके," एर्मेक म्हणायचा. बाइके म्हणजे थोरला भाऊ, मान देऊन मारायची हाक.

मे महिन्यात कानिशाय आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, पायात रबरी बूट. डोंगरापलीकडे सुसामीरच्या कुरणात तिच्या घोड्या होत्या. नवरा आणि सून धारा काढत, दूध आंबवून कुमिस करत, आणि ही आठवड्यातून तीनदा ते डबे खिंड ओलांडून शहरातल्या दुकानांना पोचवी. मागच्या उन्हाळ्यात तिची जुनी गाडी खिंडीतच मेली आणि ऐंशी लिटर कुमिस उन्हात नासून गेलं. मोठ्या दुकानदाराने बजावलं होतं, यंदा एक खेप चुकली तर दुसऱ्याकडून घेईन. आणि कुमिसचा हंगाम म्हणजे जेमतेम तीन महिने. त्यावर वर्ष काढायचं.

तिने माझं दार तीनदा उघडलं. मी मनात म्हटलं, ही घेणार.

"मुकाश बाइके, गाडी विकताय की लेक देताय? केवढा हा आकडा."

"लेकीचा नसेल एवढा लळा लागलाय हिचा. आठ महिने झाले माझ्यापाशी आहे."

"म्हणजे आठ महिने कुणी विचारलं नाही. उतरा खाली."

मुकाश उतरला. कानिशायने दोन घोड्या विकून आणलेले पैसे मोजले. गाठीला बावन्न हजार सोम उरले. हंगामाचं डिझेल, डबे, अडीअडचण, सगळं त्यातच. तेवढ्यात एर्मेक चहाचा पेला घेऊन आलाच, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'एजे' म्हणत.

"एजे, खिंडीचा रस्ता आहे तुमचा. पंचेचाळीस हजारांत वर्षभर निर्धास्त झोपा. गाडी जुनी आहे, वरून चकचकीत, आत काय आहे कुणाला ठाऊक?"

खरं बोलला. आत काय होतं ते मला ठाऊक होतं. माझा पाण्याचा पंप थकला होता. पण मला विचारतो कोण?

कानिशायच्या कपाळावर आठ्या पडल्या. पैसे दिले तर हात रिकामे, न द्यावेत तर खिंड डोळ्यांपुढे. एर्मेकने नेहमीचा प्रश्न टाकला, "तुमचे सात बाप कोण, एजे?"

"आधी तू सांग. विकायला तू आलायस."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण पाठच होतं, तो घडाघडा बोलत गेला. बाप जुमाबेक, त्याचा बाप काल्मुर्झा, त्याचा ओमुर, त्याचा बोरोम्बाय, त्याचा तिनाय.

कानिशायने पेला खाली ठेवला. "कोणता तिनाय? डाव्या हाताला सहा बोटं होती तो?"

एर्मेकचा हात हवेतच राहिला. "हो. आजी सांगायची."

"त्याच्या थोरल्या लेकाच्या घरचा तू, धाकट्याच्या घरची मी. अरे, तुमची शाखा कुठे गेली म्हणून माझा बाप मरेपर्यंत विचारत होता."

शेकडो खोटी नाती जोडणाऱ्याला त्या दिवशी खरं नातं भेटलं.

कानिशायला एवढा आनंद झाला की ती नेमकी तीच चूक करून बसली जी बाकीचे करत. कागद न उघडता बाजूला सारला आणि नोटा टेबलावर ठेवल्या. "भावाचा कागद काय वाचायचा? सही कुठे करू?" मग हात थांबवून म्हणाली, "थांब. पहिल्यांदा भेटलास. मोठ्या बहिणीचा आशीर्वाद घेतल्याशिवाय कसा जाशील?"

तिने दोन्ही तळवे वर केले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी केले. "तुझा रस्ता उजळ असो. पोरं मोठी होवोत. तुझ्या ताटात येणारी भाकरी हलाल, सचोटीची असो. ओमीन."

सगळ्यांनी 'ओमीन', म्हणजे तसंच होवो, म्हणत तळवे तोंडावरून फिरवले. एर्मेकचे हात मात्र तसेच मांडीवर. ओमीन त्याच्या तोंडून निघेना.

"एजे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पैसे उचला."

"का रे?"

"हा कागद तुमच्या कामाचा नाही."

"मग मला कशाला देत होतास?"

"सगळ्यांनाच देतो."

कानिशायने कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. "वाच. पहिल्या ओळीपासून. मोठ्याने."

त्याने वाचलं. गाडीतून माल वाहून पैसे मिळवले तर हमी रद्द. डांबरी रस्ता सोडला तर रद्द. दुरुस्ती शहरातल्या एकाच कारखान्यात, गाडी तिथवर मालकाने स्वतः आणायची, आणि तीस दिवसांपर्यंत वाट पाहायची.

"तीस दिवस गाडी अडकली तर माझा हंगाम बुडाला," ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"आत्ता वाटली, एजे."

मुकाश म्हणाला, "लिहून ठेवा कुणीतरी. हा दिवस परत यायचा नाही."

कानिशायने नोटा पुन्हा पिशवीत घातल्या. एर्मेकच मग मला बाजाराच्या टोकाच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने माझं पोट उघडलं, पट्टा बदलला, गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि म्हणाला, पंप म्हातारा आहे, पण हा हंगाम काढेल. कानिशायने विचारलं, "आणि नाही काढला तर?" नवा पंप विकत घेऊन तिने माझ्या मागच्या सीटखाली ठेवला. सगळं मिळून तेवीस हजार. बाकीचे तिच्याचपाशी. तिने घेतलेली हमी ती एवढीच, आणि ती खिंडीपलीकडेही चालत होती.

जुलैत खिंडीतल्या बोगद्याखालच्या चढावर माझा पंप गेला. मागे ऐंशी लिटर कुमिस. एका ट्रकवाल्याने दोरी लावून मला वळणावरच्या टायरच्या टपरीपर्यंत ओढलं. सुटा भाग सीटखाली तयार, अडीच तासांत बसला. संध्याकाळी आम्ही दुकानासमोर उभ्या.

दुकानदाराने चव घेतली. "आज जरा जास्त आंबट आहे."

"खिंडीने घुसळलंय," कानिशाय म्हणाली. "त्याचे जास्त पैसे घेत नाही."

खेप चुकली नाही. पुढच्या सात हंगामांत एकही नाही. त्या जुलैपासून तिने माझ्या खणात एक वही ठेवली. कोणत्या तारखेला काय बिघडलं, काय बदललं, किती चालले. स्वतःची चूकही लपवली नाही. एका पानावर लिहिलंय, "तेल बघायला विसरले. इंजिन तापलं. दोष माझा."

आता सुनेने मोठी व्हॅन घेतली, म्हणून मी पुन्हा इथे. तिसऱ्या गिअरला कण्हते, ते वहीत दोन पानांवर आहे. काल मुकाश कानिशायला म्हणाला, "ती दोन पानं फाड, चाळीस हजार जास्त येतील." ती म्हणाली, "फाडलेल्या पानामुळे उद्या कुणीतरी खिंडीत अडकून उभं राहील, बाइके." एर्मेक अजून पलीकडेच बसतो. हल्ली आधी वाचून दाखवतो, मग विकतो. कागद कमी खपतात, पण घेतलेले लोक त्याला शिव्या देत नाहीत.

तुमचा रस्ता शहरातला असेल तर त्याचा कागद जरूर ऐका. डोंगरातला असेल तर पैसे गाठीला ठेवा आणि मला आधी मिस्त्रीला दाखवा. अजून पाच-सहा वर्षं मी हमखास देईन, हे शब्द माझे. फक्त एवढं करा, ती वही बंद पडू देऊ नका. माझा दोष माझ्या नावावर मांडा, तुमचा तुमच्या, आणि हिशोब खरा ठेवा.