वायव्येचा खड्डा, ईशान्येचा बोर

मी एक जुना शोषखड्डा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! तुमच्या घरातलं घाण पाणी मुकाट्याने पोटात घेणारं कुणीतरी लागतंच ना?

धुळ्याबाहेर साक्री रस्त्याला कपाशीच्या शेतात प्लॉट पडले, तेव्हा जीवराम मिस्तरीने मला बांधलं. मालक प्रेमराज गुरुजी वास्तुशास्त्राचे भारी कट्टर. खड्डा वायव्येलाच हवा, बोर ईशान्येलाच. मिस्तरीने तसंच केलं. पाणी हळूहळू मुरावं म्हणून विटांमध्ये फटी ठेवल्या. घरात माणसं चार आणि पश्चिमेला मोकळा प्लॉट, त्यावर नुसतं गवत. मजेत होतो मी. असा खड्डा अख्ख्या कॉलनीत नाही, असं जीवराम सगळ्यांना सांगत फिरायचा.

मग शहर सरकत सरकत आमच्यापर्यंत आलं. कपाशी गेली, घराला घर भिडलं. गुरुजींनी वर दोन मजले चढवून भाडेकरू ठेवले. चाराची एकोणीस माणसं झाली, मी मात्र तेवढाच! त्यातच पश्चिमेच्या प्लॉटवर कमलबाईंनी घर बांधलं. त्यांनीही शास्त्र पाळलं, बोर ईशान्येला घेतला. म्हणजे कुठे? अगदी माझ्या कुशीला. मधे एक कंपाउंडची भिंत, बस्स.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी त्यांची मोटार सुरू झाली की माझ्यातलं पाणी तिकडे ओढलं जायचं. ओरडून सांगावंसं वाटे, पण खड्ड्याचं ऐकतो कोण? वास येतो म्हणून कमलबाई बिचाऱ्या पाण्यात तुरटी फिरवत राहिल्या. यंदा त्यांची सहा वर्षांची नात ममता काविळीने आडवी झाली. दवाखान्यातून घरी आली, तरी प्यायला पाणी तेच.

शेवटी कमलबाईंनी जीवरामला आणि गुरुजींना अंगणात बोलावलं. गुरुजी ऐकेनात. माझा खड्डा शास्त्राप्रमाणे आहे, म्हणाले. जीवरामने काडीने मातीत दोन्ही प्लॉट काढले आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

"तुमनी वायव्य आनि यासनी ईशान्य एकच जागा शे, गुरुजी. मीबी तवय तुमनाच प्लॉट पाह्यना."

मग बोर तुम्ही हलवा, असं गुरुजी म्हणाले. कमलबाई भांडल्या नाहीत. आल्यागेल्याला देतात तसा त्यांनी पाण्याचा पेला आणून गुरुजींपुढे धरला.

"पानी ल्या, गुरुजी. मनी ममता हाईच पेस."

ममता रोज पिते त्या पाण्याचा पेला गुरुजींनी ओठांपाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मग ते जीवरामला हळूच म्हणाले, "उद्या माझा खड्डा बुजव. पक्की टाकी बांध. कुठे, ते मला विचारू नको. आजूबाजूचे बोर बघून ठरव."

मित्रांनो, आज माझ्यात मुरूम पडतोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त काळजी बाकीच्या गल्लीची वाटते. इथे घरोघरी वायव्येला माझा एकेक भाऊ बसलाय. उद्या तुम्ही घर बांधाल, तेव्हा आपला कोपरा मोजून थांबू नका. भिंतीवरून पलीकडे डोकावा आणि तिथे कोण पाणी पितं, ते आधी विचारा.