ग्रहणात लावलेले हुक

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मीच आधी सांगून टाकते. जामखेड सोडून लेकाबरोबर बोईसरजवळ सालवडला आले त्याला नऊ वर्षं झाली, पण आमच्या चाळीत अजून कुणी माझ्यापुढे वर तोंड करून बोलत नाही. नळावर भांडण पेटलं की आधी गोजराबाईला हाक मारतात. अशी मी बाई, आणि एवढंसं खरं बोलायला मला सव्वा महिना लागला.

काय झालं ते सरळ सांगते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, ती दिवाळी आठवते ना? माझी सून ज्ञानेश्वरी तेव्हा चार महिन्यांची गरोदर. सकाळपासून मीच तिला बजावत होते, चिरायचं नाही, सुई-कात्री धरायची नाही, गुपचूप बसून राहायचं. आणि दुपार कलल्यावर मीच पेटीतून नवा ब्लाउज काढला, तर त्याला हुकच नाहीत! शिंप्यानं लावलेच नव्हते, मेल्यानं. भाऊबीजेला भावाच्या घरी तो घालून मिरवायचं होतं मला. मला काही सुईत दोरा ओवता येत नाही, दिसतच नाही. म्हटलं, "ज्ञानेश्वरी, एवढे हुक लाव गं."

"आई, ग्रहण लागलं असेल."

"अजून वेळ आहे. मला शिकवतेस होय?"

ती बिचारी उजेडासाठी दारात बसली आणि खाली मान घालून हुक लावायला लागली. शेवटचा हुक लावत होती तेवढ्यात समोरच्या रखमाबाई ओरडल्या, "अगो पोरी, गिराण लागलाय, ठेव ती सुई!" तिनं ठेवली. मी ब्लाउज घडी करून ठेवला आणि विसरून गेले. भाऊबीजेला घातलासुद्धा.

हर्षित जन्मला तो चांगला गुटगुटीत. आठव्या महिन्यात त्याच्या पायांवर काळेनिळे डाग उठायला लागले, ताप हटेना. बोईसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अक्षयला एकट्याला आत बोलावलं. अक्षय माझा लेक, कंपनीत प्लँटवर ऑपरेटर, कशाला म्हणून घाबरत नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याला चप्पल सापडेना, पायातच होती ती. रक्ताचा कॅन्सर म्हणे. आठ महिन्यांच्या लेकराला! देवा, तुला काही लाजबीज?

मुंबईला न्यायच्या आदल्या दिवशी चाळीतल्या बाया बघायला आल्या. रखमाबाई दातिवऱ्याच्या, मनात आलं की बोलून मोकळ्या. म्हणाल्या, "गिराणात सुई धरली व्हती हिनं. आमी बगितलंय." सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. अक्षयही तिथंच पिशवी भरत होता. आणि मी म्हणाले, "मी शंभरदा सांगितलं होतं हो. ऐकतंय कोण?"

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तिथून उठले आणि उगाच चहा टाकला.

त्या दिवसापासून तिनं पोराला अंगावर घेणं सोडलं. "माझ्यामुळे झालंय, माझं दूध नको त्याला," एवढंच म्हणायची. दूध दाटलं की पिळून टाकायची. मुंबईच्या हॉस्पिटलात महिनाभर ती त्याच्या खाटेशेजारी उभी असायची, मांडीवर घ्यायची नाही. बाटली लावली की हर्षित तोंड फिरवायचा आणि आईच्या पदराकडे हात करून रडायचा. मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज अक्षयचं तोंड बघून गप्प बसायची. एवढा मोठा लेक आपल्याबद्दल काय म्हणेल, याची भीती. स्वतःची थुंकी गिळत बसले, दुसरं काय.

पहिली औषधं झाली, आम्हाला घरी सोडलं. मुंबईच्याच डॉक्टरीणबाई, दिशा मॅडम, महिन्यातून एकदा पालघरला बसतात. तिथं दाखवायला गेलो. मॅडमनी हर्षितला काट्यावर ठेवलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "वजन फार उतरलंय. असंच राहिलं तर पुढची औषधं याला झेपणार नाहीत. आईचं दूध का तोडलं?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "मॅडम, मी ग्रहणात सुई धरली होती. माझ्याजवळ राहिला तर अजून काही होईल. मी उद्या माहेरी जाते, आई बघतील त्याला."

माहेरी जायचं अक्षयलाही ठाऊक नव्हतं. तो बघतच राहिला.

मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ऐका. पोटात बाळ घडत असतं तेव्हा काही जीन्स, पेशीतल्या सूचनाच म्हणा, कामाला लागतात. डोकं कुठे, हात कुठे, रक्त कसं तयार व्हायचं, ते ठरवतात. काम झालं की त्यांनी बंद व्हायचं. याच्या रक्तात त्या बंदच झाल्या नाहीत. त्यामुळे रक्ताच्या पेशी मोठ्या होऊन कामाला लागत नाहीत. कच्च्याच राहतात आणि नुसत्या वाढत जातात."

मला राहवलं नाही. "म्हणजे टाकी भरली तरी पाण्याची मोटर चालूच?"

"अगदी तसंच, आजी."

"मग बटण बंद करायचं कोण विसरलं?"

"कोणीच नाही. पेशीच्या आत जीन्सचे दोन तुकडे तुटून भलतीकडेच जोडले गेले, आपोआप. एवढ्या लहान बाळांमध्ये बहुतेक वेळा हे पोटात असतानाच घडतं. आईच्या सुईशी, ग्रहणाशी याचा काही संबंध नाही."

मला वाटलं, सुटलो. पण ज्ञानेश्वरीनं त्यातलं एकच धरलं. "पोटात असतानाच ना? मग तेच," असं म्हणून तिनं टेबलावर निजवलेल्या हर्षितला उचलून माझ्याकडे दिलं.

तो माझ्या हातात आला, तर काय सांगू, नुसती हाडं. मॅडमचं खरं धरलं, तर मी या पोरीला महिनाभर फुकट जाळत होते. ग्रहणाचं खरं धरलं, तर सुई तिच्या हातात मी दिली होती. दोन्हीकडून मीच! आणि माझ्या अब्रूपायी हे लेकरू उपाशी.

"अक्षय, तिनं नाही, मी सांगितलं होतं," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा, सवयच ती. "माझ्या ब्लाउजचे हुक लावायला बसवलं मी तिला. ती नको म्हणत होती. बायांसमोर मी खोटं बोलले. दोष द्यायचाच तर मला दे, ज्ञानेश्वरी. माझ्या थोबाडीत मार. पण लेकराला पाज गं बाई, पाया पडते तुझ्या."

आणि खरंच वाकायला गेले. तिनं खांदा धरून मला थांबवलं.

"आई, तुम्ही त्या दिवशी बायांना म्हणालात, शंभरदा सांगितलं होतं. इतकं ठासून म्हणालात की मलाच वाटायला लागलं, तुम्ही नको म्हणाला असाल, मीच ऐकलं नसेल. महिनाभर मी आठवतेय. आठवून आठवून डोकं फिरायची वेळ आली."

इतके दिवस मला वाटत होतं, ती मला सांभाळून घेतेय. म्हणून गप्प आहे. पोरीचा तर स्वतःवरचा विश्वासच मी काढून घेतला होता.

तिनं हर्षितला माझ्याकडून घेतलं. मॅडमनी पडदा ओढला. थोडा वेळ नुसती त्याची कुरकुर ऐकू येत होती, मग कुरकुर थांबली आणि तो अधाशासारखा प्यायला लागला. मला रडू फुटलं. एकदा बघावं म्हणून मी पडद्याला हात लावला.

"आई," ती आतून म्हणाली, आवाज न चढवता, "तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं अक्षय आला. माझ्या शेजारी जागा होती. तो बसला नाही, समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला.